१९५७ची बेल एअर १/२५ मापात: खोका उघडण्यापासून शेवटच्या बंपरपर्यंत कामांचा क्रम

गाडीचं मॉडेल बिघडतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. खोका उघडला की आधी बॉडी हातात येते आणि तिचे शेपटासारखे उंच फिन (मागच्या मडगार्डवरचे उभे पंख) बघून रंगाची घाई होते. मग चकाकणारी बॉडी तयार झाल्यावर कळतं, की चॅसिस आत सरकवायला मडगार्ड फाकवावी लागतात, बॉनेट एअर क्लीनरवर टेकतं आणि डॅशबोर्ड पुढच्या काचेला बाहेर ढकलतो. तिथून पुढे कानस चालते ती रंगवलेल्या भागावर. चांगला हात असलेल्यांचीही मॉडेलं इथेच वाया जातात.

उदाहरणासाठी १९५७ची शेवरोलेट बेल एअर घेतली आहे: दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छताची, बाजूच्या खिडक्यांमध्ये खांब नसलेली), १/२५ मापाचं प्लास्टिक किट. दोन रंग, भरपूर क्रोम आणि उघडणारं बॉनेट, म्हणजे जिथे जिथे चूक होते ते सगळं या एका गाडीत आहे. त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही अमेरिकी गाडीला हाच क्रम लागू पडतो.

## टप्पा १: मापं आणि फोटो

खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) ११५ इंच, म्हणजे २९२१ मिलिमीटर. लांबी २०० इंच, म्हणजे ५०८० मिलिमीटर. २५ने भागलं की ११६.८ आणि २०३.२ मिलिमीटर मिळतात. हे दोन आकडे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. चाकं बसवताना दोन्ही बाजूंचा व्हीलबेस याच आकड्याशी ताडायचा आहे.

अमेरिकी किट बहुतेक १/२५ची असतात, जपानी १/२४ची. दुसऱ्या किटमधून सुटे भाग घेताना हा फरक विसरू नका. चाकं चालून जातात. इंजिन किंवा सीट मात्र चार टक्क्यांनी मोठी पडते आणि जागेवर बसत नाही.

आता फोटो. एकच वर्ष, एकच बॉडी आणि एकच श्रेणी ठरवा आणि त्यावर ठाम राहा. ५७ची बेल एअर आणि तिच्याखालची २१० श्रेणी यांची बॉडी सारखीच दिसते, पण मागच्या मडगार्डवरचा पाचरीसारखा पट्टा बेल एअरवर रेघांच्या अॅल्युमिनियम पत्र्याचा असतो. २१०वर तो भाग रंगवलेला असतो. फोटो मिसळले की एकाच गाडीवर दोन श्रेणींचे दागिने चढतात. पेट्रोल भरण्याचं झाकणही बाहेर शोधू नका, ते डाव्या फिनच्या मागच्या क्रोम पट्टीआड लपवलेलं आहे.

फोटो बघताना प्रत्येक चकाकणाऱ्या भागापुढे तो कशाचा आहे ते लिहा. बंपर क्रोमचे, बाजूच्या लांब पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या, मागचा पट्टा अॅल्युमिनियमचा, ग्रिलची जाळी आणि पुढच्या मडगार्डवरची तीन छोटी चिन्हं सोनेरी. हे सगळं एकाच चंदेरी रंगात गेलं की गाडी खेळण्यासारखी दिसते. ही यादी फॉइलच्या, म्हणजे चिकट धातूचा पातळ कागद लावायच्या टप्प्यात लागेल.

## टप्पा २: हत्यारं आणि धुणं

स्प्रू (सुटे भाग ज्यावर लगडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) कापायची पक्कड, ११ नंबरचं पातं, बारीक कानशी, ४०० ते ४००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, ०.३ ते १ मिलिमीटरची ड्रिल बिटं धरणारा हातड्रिल, टोकदार चिमटा आणि चांगला मास्किंग टेप. गोंद तीन लागतात. प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला पातळ सिमेंट, धातू किंवा वायरला सुपर ग्लू आणि काचांना पांढरा गोंद.

बॉडी आणि सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाने मऊ ब्रशने धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश प्लास्टिकवर राहतो आणि रंगाला तिथे डोळे (रंग न धरलेले गोल ठिपके) पडतात. पाणी कढत नको, पातळ खांब वाकतात.

सावधान: सुटे भाग आत्ताच स्प्रूवरून कापून ठेवू नका. नंबर हरवतात आणि मागच्या सस्पेन्शनचा डावा दांडा कोणता, उजवा कोणता हे नंतर कळत नाही.

## टप्पा ३: शिवणी आणि फटी

बॉडी अनेक तुकड्यांच्या साच्यात ओतलेली असते. ते तुकडे जुळतात तिथे बारीक शिवण उठते: मडगार्डच्या माथ्यावर, छताच्या मागच्या खांबांवर, फिनच्या कडेवर. पांढऱ्या प्लास्टिकवर ती दिसत नाही आणि चकचकीत रंगाखाली लांबूनही दिसते. दिव्यासमोर बॉडी तिरकी धरून नखाने चाचपा. पात्याची पाठ हलक्या हाताने ओढून शिवण खरवडा, मग ६०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून फिरवा. छताच्या मधोमध खोलगट घासलं जाऊ नये म्हणून पेपरमागे सपाट ठोकळा धरा.

दारं, बॉनेट आणि डिकीच्या फटी प्रायमरच्या (रंगाखालच्या अस्तराच्या) आधीच खोल करा. खऱ्या गाडीत ही फट चार-पाच मिलिमीटरची, म्हणजे मॉडेलवर जेमतेम ०.२. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून ती सहज बुजते. पात्याच्या पाठीने किंवा फटी कोरायच्या हत्याराने, अजिबात जोर न लावता, आठ-दहा वेळा हलके ओढा. जोर लावला की पातं फटीबाहेर निसटतं आणि ओरखड्यात लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरत बसावं लागतं.

## टप्पा ४: कोरडी जुळणी

लोक नेमका हाच टप्पा गाळतात. एक अख्खी संध्याकाळ त्याला द्या.

मुख्य भाग स्प्रूवरून कापा: चॅसिस, इंजिनाचे दोन अर्धे, केबिनचा टब (आतली फरशी आणि बाजू असलेला भाग), डॅशबोर्ड, रेडिएटरची भिंत, काचा, बंपर, चाकं. फक्त इंजिनाचे अर्धे चिकटवा. बाकी सगळं टेपने आणि थोड्याशा चिकट पुट्टीने बांधून गाडी उभी करा. गोंद नाही. मग या क्रमाने तपासा.

काचा आत बसवा आणि छताचा आतला भाग त्यांना टेकतो का बघा. टेकत असेल तर काचेची वरची पट्टी घासायची, छत नाही. आता डॅशबोर्डसह टब आत सरकवा. टब वर चढला तर चॅसिस कधीच पूर्ण बसणार नाही. दोष बहुतेक वेळा टबच्या पुढच्या कोपऱ्यात किंवा मागच्या सीटच्या वरच्या कडेला असतो.

चॅसिस लावा. ती आधी मागून शिरते की पुढून, हे आत्ताच ठरवा आणि लिहून ठेवा. बॉडी किती फाकवावी लागते तेही बघा. रंगवलेल्या बॉडीला एवढा ताण झेपणार नसेल तर चॅसिसच्या कडा आत्ता घासा.

इंजिन, एअर क्लीनरसकट, जागेवर ठेवून बॉनेट बंद करा. बसत नसेल तर एअर क्लीनरचा नाही, इंजिनाच्या माउंटचा विचार करा. माउंटखालून अर्धा मिलिमीटर घासला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

शेवटी चाकं. गाडी काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवा. चारही चाकं टेकली पाहिजेत, दोन्ही बाजूंचा व्हीलबेस ११६.८च्या अगदी जवळ आला पाहिजे आणि मागची चाकं मडगार्डच्या मधोमध दिसली पाहिजेत. समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढा. फोटोत तिरकेपणा डोळ्यापेक्षा लवकर कळतो.

तपासणी: बंपर टेकवल्यावर दोन्ही टोकांशी सारखी फट आहे? बॉनेट हाताने दाबावं लागत नाही? दोन्हींना हो म्हणता येत नाही तोवर प्रायमरचा डबा उघडू नका.

## टप्पा ५: प्रायमर

बॉडी, बॉनेट आणि जे जे बाहेरच्या रंगाचं आहे ते सगळं एकाच दिवशी, एकाच डब्यातून. पातळ दोन हात पुरेत. प्रायमरचं खरं काम म्हणजे चुका दाखवणं. वाळल्यावर पुन्हा दिव्यासमोर तिरकं धरून बघा. राहिलेली शिवण, गोंदाचा डाग, खोलगट जागा आता दिसेल. लांबी भरा, घासा, तेवढ्याच भागावर पुन्हा प्रायमर मारा.

बॉडी लाल किंवा पिवळ्या प्लास्टिकची असेल तर प्लास्टिकमधला रंग वर झिरपतो आणि पांढरं छत काही दिवसांनी गुलाबी पडतं. अशा बॉडीवर रंग अडवणारा प्रायमर किंवा मध्ये चंदेरी रंगाचा एक थर हवाच.

पुढच्या मडगार्डवरच्या तीन सोनेरी चिन्हांची आणि उठावाच्या अक्षरांची तयारीही आत्ताच करा. प्रायमरवर त्या चिन्हांपुरतं सोनेरी फॉइलचं तुकडं घट्ट दाबून बसवा आणि कडा कापा. रंग त्यावरूनच मारायचा. रंग हाताळण्याइतका वाळला की क्लिअरच्या आधी काडीवर किंचित थिनर घेऊन फक्त उठावावरून फिरवा. रंग निघतो आणि खालची सोनेरी अक्षरं उघडी पडतात. ब्रशने रंगवून इतकी स्वच्छ कड कधीच येत नाही.

## टप्पा ६: रंग आणि क्लिअर

आधी रंगांच्या जातीचा नियम. लॅकरवर एनॅमल चालतं, एनॅमलवर लॅकर चालत नाही. लॅकरचं थिनर खालच्या एनॅमलला सुरकुत्या पाडतं आणि मग बॉडी सोलण्यावाचून इलाज नसतो. प्रायमर, रंग आणि क्लिअर शक्यतो एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या. नसतील तर आधी चमच्यावर तोच क्रम करून बघा.

दुसरं, धातूची चमक असलेले रंग. खऱ्या गाडीच्या रंगाचा डबा आणून १/२५ मॉडेलवर मारला तर त्यातले कण वाटाण्याएवढे दिसतात. मॉडेलसाठी बारीक कणांचा रंग घ्या. ५७च्या यादीतला लार्कस्पर ब्लू खाली आणि छताला इंडिया आयव्हरी ही जोडी मला सगळ्यात आवडते. निळा फिका असल्यामुळे पट्ट्यांची चमक त्यावर उठून दिसते.

दोन रंगांत फिका आधी. आयव्हरी मारा, वाळू द्या, छत झाका, मग निळा. टेप नव्या काचेवर एकदा चिकटवून पात्याने त्याची कड ताजी कापून घ्या, कारण रिळाच्या कडेला धूळ असते. टेप लावल्यावर कडेवरून आधी आयव्हरीचाच एक पातळ फवारा मारा. कुठे फट असेल तर आत आयव्हरीच शिरते आणि फट बंद होते. त्यानंतरचा निळा रंग सरळ रेघेत थांबतो.

एअरब्रश असेल तर हवेचा दाब १५ ते २० पीएसआय आणि पहिला हात अगदी विरळ. त्याखालून प्रायमर दिसला तरी चालेल. दुसरा त्याहून भरलेला, तिसरा ओला. लॅकर असेल तर दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं सोडा. एनॅमलला कंपनीने सांगितलेली वेळ पाळा. फिन, छताची कड आणि बॉनेटच्या रेषा यांवर सुरुवातीलाच हलका फवारा मारून घ्या, कारण रंग कडांवरून ओघळून पातळ होतो आणि पुढे घासताना तिथेच प्रायमर उघडा पडतो. हवा दमट असेल त्या दिवशी लॅकर मारू नका, पांढुरकी झाक धरते.

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) असतील तर ते रंग आणि क्लिअर यांच्या मध्ये. मग क्लिअरचे दोन-तीन हात.

सावधान: हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा क्लिअर सुंदर दिसतो, पण त्यात आयसोसायनेट असतात. साधा धुळीचा मास्क इथे काहीच करत नाही. योग्य गाळणीचा रेस्पिरेटर आणि धूर बाहेर खेचणारा पंखा नसेल तर तो वापरू नका.

आता बॉडी झाकून ठेवा आणि हात लावू नका. लॅकर एका-दोन दिवसांत हाताळता येतो, एनॅमलला आठवडा किंवा जास्त. खात्रीची तपासणी नाकाने करा. थिनरचा वास येतोय तोवर रंग आतून ओला आहे.

## टप्पा ७: बॉडी वाळेपर्यंत इंजिन, चॅसिस आणि केबिन

२८३ क्युबिक इंचाचा व्ही-८ शेवरोलेट ऑरेंज रंगाचा. पॉवरग्लाइड या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पेटी त्या वर्षी ओतीव लोखंडाची होती, तिला चकचकीत अॅल्युमिनियमचा रंग देऊ नका. चॅसिसची फ्रेम अर्धचकाकीची काळी.

इंजिनाचा जिवंतपणा येतो स्पार्क प्लगच्या वायरींमुळे. खरी वायर सुमारे ७ मिलिमीटर जाडीची, २५ने भागली की ०.२८. अर्ध्या मिलिमीटरची वायर वापरली की खऱ्या गाडीत ती साडेबारा मिलिमीटरची होते, आणि इंजिनावर पाइप टाकल्यासारखं दिसतं. ०.२५ ते ०.३ची वायर शोधा.

या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळ) असतो. त्याच्या टोपीत ०.३ मिलिमीटरची आठ भोकं कडेने आणि एक मधोमध कॉइलसाठी पाडा. सिलिंडरचे नंबर ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६, ८. फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, आणि टोपीवर तो वरून बघताना घड्याळाच्या दिशेने जातो. जवळच्या भोकातून जवळच्या प्लगला अशा मनाने जोडलेल्या वायरी जाणकाराला एका नजरेत कळतात. योग्य क्रमाने जोडायला वेळ तेवढाच लागतो.

वायरी टोपीच्या बाजूने आधी चिकटवा. प्लगची बाजू इंजिन चॅसिसवर बसवल्यावर कापा, नाहीतर लांबी कमी पडते.

केबिनचं काम त्यामानाने सरळ आहे. सीटना मॅट नको, अर्धचकाकी हवी, कारण व्हिनाइल थोडं चमकतं. मीटरच्या डिकलवर क्लिअरचा एक थेंब टाकला की काच आल्यासारखी वाटते.

पांढऱ्या पट्टीचे टायर त्या काळात रुंद पट्टीचे होते, साधारण अडीच इंच, म्हणजे मॉडेलवर अडीच मिलिमीटर. एक इंचाच्या आसपासची बारीक पट्टी साठच्या दशकात आली. किटमध्ये बारीक पट्टीचे टायर आले असतील तर बदला. पट्टी रंगवायची असेल तर अॅक्रिलिक वापरा, एनॅमल मऊ टायरवर चिकट राहू शकतं.

## टप्पा ८: घासणं आणि पॉलिश

क्लिअरवर ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) दिसत असेल तरच घासा. आरशासारखा आला असेल तर थेट पॉलिश. २०००पासून सुरुवात, पाण्यात साबणाचा थेंब, मग ३०००, ४०००, पुढे मऊ कापडावर पॉलिशची पेस्ट. कडा, फिनची धार आणि दारांच्या रेषांवर आधी बारीक मास्किंग टेप लावा. या कडांवरच क्लिअर फुटतो. पेस्ट फटींत साचते आणि वाळून पांढरी दिसते. मऊ ब्रश आणि पाण्याने ती लगेच धुऊन काढा.

## टप्पा ९: फॉइल

फॉइल पॉलिशनंतर. आधी लावलं तर पॉलिश करताना त्याची चमक आणि कडा दोन्ही जातात. बेअर-मेटल फॉइलचा तुकडा पट्टीपेक्षा थोडा मोठा कापा, चिमट्याने उचला, एका टोकापासून सोडत आणा. टूथपिकच्या बोथट टोकाने पट्टीच्या दोन्ही कडांत दाबून बसवा. मग पूर्ण नवं पातं लावा आणि वजन न देता एकाच ओढीत कापा. बोथट पातं फॉइल फाडतं, आणि ते फाटलं की हात जोर लावतो, तोच रंगात चिरतो. पातं दर दोन-तीन पट्ट्यांनंतर बदला.

पहिल्या टप्प्यातली यादी आता समोर घ्या. मागच्या पाचरीच्या पट्ट्याला मॅट अॅल्युमिनियम फॉइल, बाजूच्या पट्ट्यांना आणि काचांच्या चौकटींना क्रोम. लांब पट्टी एकाच तुकड्यात करायचा हट्ट नको. दाराच्या फटीवर जोड घ्या, तिथे तो दिसत नाही.

किटचे क्रोम बंपर कापताना स्प्रूचा जोड मागच्या बाजूला असेल असं कापा. पुढे डाग उरलाच तर क्रोम मार्करने टिपा, मात्र त्यावर बोट किंवा क्लिअर लावू नका, तो राखाडी होतो. बंपरवर मोठी शिवण असेल तर क्रोम ब्लीचमध्ये काढून, शिवण घासून, चकचकीत काळ्या रंगावर अल्क्लॅड कंपनीचा क्रोम रंग फवारा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही साफ करायचं द्रावण मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

## टप्पा १०: शेवटची जुळणी

क्रम: काचा, मग टब आणि डॅशबोर्ड, मग चॅसिस, मग ग्रिल, बंपर, दिवे. टप्पा ४मध्ये लिहून ठेवलं तसंच.

काचांना सुपर ग्लू अजिबात नाही, त्याची वाफ काचेवर पांढरा धूर धरते. पांढरा गोंद कडेला लावा आणि रात्रभर सोडा. चॅसिस बसवण्याआधी काचा आतून पुसा, नंतर तिथे बोट पोचत नाही. बॉडी फाकवताना अंगठे मडगार्डच्या खालच्या कडेवर ठेवा, फॉइलवर नाही. कापसाचे हातमोजे घाला.

क्रोमच्या भागांना चिकटवायच्या जागेवरचं क्रोम खरवडून काढा. सिमेंट क्रोमवर धरत नाही, आणि असे चिकटवलेले बंपर पहिल्याच धक्क्याला गळतात.

आरसे, वायपर आणि एरियल सगळ्यांत शेवटी, पांढऱ्या गोंदाने. तुटण्यापेक्षा ते निखळलेले बरे.

तपासणी: गाडी पुन्हा त्याच काचेच्या तुकड्यावर ठेवा. चारही चाकं टेकताहेत का आणि व्हीलबेस दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, ते बघा. गोंद ओला आहे तोवर चाक हलवता येतं.

मऊ व्हिनाइलचे टायर प्लास्टिकला थेट टेकलेले राहिले तर त्यातला तेलकट अंश हळूहळू प्लास्टिक विरघळवतो. रिमची आतली बाजू बसवण्याआधीच रंगवून किंवा फॉइलने झाकून घ्या, आणि गाडी प्लास्टिकच्या पेटीत ठेवायची असेल तर टायरखाली काच किंवा धातूची पट्टी द्या.